वाचकांचे प्रश्न : दृष्टिपटलात पेशींची जागा कोण ठरवतं?

मागच्या अंकातल्या दृष्टिपटलावरच्या लेखात एक विधान होतं : 'सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात एकाच प्रकारच्या चेतापेशी एकमेकींपासून साधारण सारख्या अंतरावर बसलेल्या असतात.' त्यावर बरेच प्रश्न आले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे प्रश्न आहेत, निव्वळ कुतूहलापोटी विचारलेलेही आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दृष्टिपटलातल्या सगळ्या चेतापेशी एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून तयार होतात असं वाचलं. मग कोणत्या पेशीनं काय व्हायचं हे कधी आणि कसं ठरतं?

वाचलंत ते खरं आहे. गर्भाच्या मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा बाहेर येतो. तो पुढे आत दबतो आणि दुहेरी भिंतीचा पेला तयार होतो. बाहेरच्या भिंतीचा रंगद्रव्य असलेला थर होतो आणि आतल्या भिंतीचं दृष्टिपटल. म्हणजे दृष्टिपटल हा मेंदूचाच भाग आहे, डोळ्यात येऊन बसलेला.

सुरुवातीला आतल्या भिंतीत फक्त लांबट पूर्वज पेशी असतात. प्रत्येकीचं एक टोक रंगद्रव्याच्या थराकडे, दुसरं डोळ्याच्या पोकळीकडे. पेशीच्या आत केंद्रक वरखाली फिरत असतं : डीएनएची प्रत काढायची वेळ आली की पोकळीकडच्या बाजूला, विभाजनाची वेळ आली की रंगद्रव्याच्या थराला चिकटून. त्यामुळे गर्भाच्या दृष्टिपटलाचा उभा छेद घेऊन फॉस्फो-हिस्टोन एच-३ चा (विभाजन चालू असलेल्या पेशी दाखवणारा) रंग दिला, की विभाजन होणाऱ्या पेशी त्या एकाच कडेला ओळीनं दिसतात. छेद तिरका गेला तर ही ओळ फिसकटते. छेद सरळ आहे की नाही हे तपासायची ही सोपी खूण.

या पूर्वज पेशींपासून काय काय बनतं, ते १९८७ साली टर्नर आणि सेप्को यांनी दाखवलं. नवजात उंदीरकुळातल्या रॅटच्या दृष्टिपटलात त्यांनी अगदी थोडे विषाणू सोडले, म्हणजे एखाददुसऱ्याच पूर्वज पेशीवर खूण बसेल इतके. काही आठवड्यांनी त्या एका पेशीच्या वंशात दंडपेशी (मंद उजेड टिपणाऱ्या), बायपोलर पेशी (प्रकाशग्राही पेशींचा संदेश पुढे नेणाऱ्या), ॲमाक्राइन पेशी (आतल्या भागात आडवे संदेश नेणाऱ्या) आणि म्यूलर पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या), असे वेगवेगळे प्रकार सापडले. एका पूर्वज पेशीचा एकच धंदा, ही कल्पना तिथं संपली.

जन्माचा क्रम मात्र बराचसा ठरलेला असतो. घरगुती उंदराच्या गर्भात साधारण अकराव्या दिवसापासून गँग्लिऑन पेशी (मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या) तयार होऊ लागतात. त्यांच्या मागोमाग, बऱ्याच अंशी त्याच काळात, शंकुपेशी (रंग टिपणाऱ्या) आणि हॉरिझॉन्टल पेशी (प्रकाशग्राही पेशींना आडव्या जोडणाऱ्या). मग ॲमाक्राइन. दंडपेशींचा कळस जन्माच्या आसपास येतो. बायपोलर आणि म्यूलर पेशी सगळ्यांत शेवटी. जन्मानंतर दहा-अकरा दिवसांत कडेच्या भागातलंही विभाजन थांबतं. टप्प्यांच्या सीमा एकमेकांवर चढलेल्या असतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकातली पायऱ्यापायऱ्यांची आकृती शब्दशः घेऊ नये.

पूर्वज पेशीची क्षमता काळाबरोबर बदलते आणि प्रत्येक टप्प्यात काही मोजकेच पर्याय तिच्यापुढे खुले असतात, असं आज मानलं जातं. त्यातला कोणता निवडला जाईल यात संभाव्यतेचा भाग बराच असतो. निवड झाल्यावर ती पक्की करणारी जनुकं चालू होतात : गँग्लिऑन पेशींसाठी एटोह-७, हॉरिझॉन्टल आणि ॲमाक्राइनसाठी पीटीएफ-१ए, प्रकाशग्राही पेशींसाठी ओटीएक्स-२, आणि त्यांतून दंडपेशी व्हायची असेल तर एनआरएल. हे शेवटचं जनुक काढून टाकलेल्या उंदरात दंडपेशी होतच नाहीत. त्यांच्या जागी निळ्या शंकूंसारख्या पेशी भरतात. जागा आहे, पेशीही आहे, ओळख तेवढी बदललेली!

पेशीची जन्मतारीख, म्हणजे तिचं शेवटचं विभाजन कधी झालं ते, काढण्यासाठी ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) वापरणाऱ्यांना दोन सूचना. मात्रा सहसा दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. इंजेक्शननंतर जी पेशी पुन्हा विभागलीच नाही तिचाच रंग गडद राहतो. जी आणखी दोन-तीनदा विभागली तिच्यात तो पातळ होत जातो. फिकट पेशीही 'त्या दिवशी जन्मलेल्या' म्हणून मोजल्या तर जन्मतारीख खोटीच पुढे-मागे सरकते. दुसरं, दृष्टिपटल मध्यापासून कडेकडे पिकत जातं. एकाच दिवशी मध्यभाग कडेच्या भागापेक्षा काही दिवस पुढे असतो. एका प्राण्याचा मध्य आणि दुसऱ्याची कड यांची तुलना करून 'फरक सापडला' म्हणणारे कमी नाहीत.

प्रश्न : मी प्रौढ उंदराच्या सपाट केलेल्या दृष्टिपटलात कॅल्बिंडिन या प्रथिनाचा रंग देऊन हॉरिझॉन्टल पेशी मोजल्या. घनता दर चौरस मिलिमीटरला १,९०० आली आणि नियमितता निर्देशांक २.१. म्हणजे पेशी जवळपास अस्ताव्यस्तच आहेत. पुस्तकं तर उलट सांगतात. माझं कुठं चुकलं असेल?

घनतेनंच चूक उघडी पाडली आहे. नेहमीच्या काळ्या प्रयोगशाळेतल्या उंदरात हॉरिझॉन्टल पेशी दर चौरस मिलिमीटरला हजार-बाराशेच्या आसपास असतात. तुमच्या मोजणीत दुसरं कोणीतरी शिरलं आहे. उंदराच्या दृष्टिपटलात कॅल्बिंडिन फक्त हॉरिझॉन्टल पेशींना लागत नाही. काही ॲमाक्राइन पेशींना आणि गँग्लिऑन थरातल्या काही पेशींनाही लागतं. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकानं वरपासून खालपर्यंत सगळे थर घेऊन त्यांची एकच चपटी प्रतिमा केली, की हे सगळे एका पातळीवर येतात. दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींचे ठिपके एकत्र केले की निर्देशांक घसरतोच, प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे कितीही नेटका असला तरी.

उपाय असा. आतल्या केंद्रक-थराची (दृष्टिपटलातल्या पेशीशरीरांच्या मधल्या थराची) सगळ्यांत बाहेरची, प्रकाशग्राही पेशींना लागून असलेली पातळी शोधा. हॉरिझॉन्टल पेशी तिथंच एका थरात असतात. शरीर मोठं, रंग गडद, आणि बाजूंना आडव्या फांद्या फुटलेल्या. फक्त तेवढ्याच पातळीच्या प्रतिमांची चपटी प्रत काढा. दृष्टिपटल काचेवर ठेवताना प्रकाशग्राही बाजू वर ठेवली तर हा थर भिंगाच्या जवळ येतो आणि चित्र स्वच्छ मिळतं.

आता आकड्याकडे. नियमितता निर्देशांक म्हणजे प्रत्येक पेशीपासून तिच्या सगळ्यांत जवळच्या सजातीय पेशीचं अंतर घ्यायचं आणि त्या अंतरांच्या सरासरीला त्यांच्याच प्रमाण विचलनानं भागायचं. वेस्ले आणि रीमान यांनी १९७८ साली ही रीत सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलासाठी वापरली. ठिपके पूर्णपणे यादृच्छिक असतील तर निर्देशांक १.९१ येतो, हे गणितानंच निघतं. तुमचं २.१ म्हणूनच वाईट दिसतं.

निर्देशांक काढण्याआधी नुसती सरासरीही पाहा. समजा घनता १,१५० आहे. इतके ठिपके यादृच्छिक पसरले तर जवळच्या शेजाऱ्याचं सरासरी अंतर साधारण १४.७ मायक्रॉन येईल (एक भागिले घनतेच्या वर्गमुळाची दुप्पट). तेच ठिपके काटेकोर षटकोनी जाळीत बसवले तर ३१.७ मायक्रॉन. तुमची खरी सरासरी या दोहोंमध्ये कुठं पडते त्यावरून अंदाज लगेच येतो. ती १४ च्याही खाली गेली तर बहुधा एकाच पेशीवर दोनदा खूण पडली आहे, किंवा प्रतिमेचं प्रमाण चुकलं आहे.

बाकी चुका नेहमीच्या. चौकटीच्या कडेजवळच्या पेशीचा खरा शेजारी चौकटीबाहेर असू शकतो. म्हणून ज्या पेशीचं कडेपासूनचं अंतर तिच्या शेजाऱ्याच्या अंतरापेक्षा कमी आहे ती मोजणीतून वगळा. चौकट ०.३ × ०.३ मिलिमीटरची घेतली तर या घनतेला शंभराच्या आसपास पेशी मिळतात, ते ठीक आहे. तीस-चाळीस पेशींवर निर्देशांक काढू नका. इतक्या थोड्या ठिपक्यांत निव्वळ योगायोगानंही आकडा बराच वर-खाली होतो. मध्य आणि कड एका चौकटीत घेऊ नका, कारण घनताच बदलत असेल तर विचलन फुगतं. दृष्टिपटल सपाट करताना कडेकडून मध्याकडे चार काप द्यावे लागतात. कापाच्या तोंडाशी ऊती ताणते किंवा दुमडते, तिथली चौकट टाळा. चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास पुरतो, पण अख्ख्या दृष्टिपटलात अँटिबॉडी मुरायला वेळ लागतो : पहिली अँटिबॉडी ट्रायटनसह (पेशीपटल सैल करणारा साबणासारखा पदार्थ) ४ अंशाला तीन ते पाच दिवस ठेवा. एका रात्रीत उरकलं तर मधल्या थरातल्या पेशी अर्धवट रंगतात आणि जाळीत खोटी भोकं दिसतात.

आणखी एक, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. १.९१ हा आकडा बिंदूंसाठी आहे. पेशींना जाडी असते, दोन पेशी एकमेकींत घुसू शकत नाहीत. तेवढ्यानंच यादृच्छिक मांडणीचाही निर्देशांक १.९१ च्या वर जातो. म्हणून तुलना कोऱ्या सूत्राशी करू नका. तुमचीच घनता आणि तुमच्याच पेशींचा व्यास घेऊन संगणकावर यादृच्छिक मांडण्या बनवा आणि त्यांच्याशी ताडून पाहा. हे न करता '२.४ आलं, म्हणजे नियमित आहे' असं लिहिलेलं परीक्षक परत पाठवतील, आणि बरोबरच करतील.

जमल्यास रोडिकनं १९९१ साली मांडलेला आलेखही काढा. प्रत्येक पेशी आळीपाळीनं मध्यबिंदू मानायची, बाकीच्या पेशी तिच्याभोवती मांडायच्या, पाच-पाच मायक्रॉनच्या वलयांत घनता मोजायची. नियमित प्रकार असेल तर मध्याभोवती एक रिकामं वर्तुळ दिसतं. हा वर्ज्य प्रदेश किती मोठा आहे ते थेट मोजता येतं, आणि घनता थोडीफार बदलली तरी या पद्धतीला निर्देशांकाइतका धक्का बसत नाही.

प्रश्न : पण पेशींना अंतर राखायला सांगतं कोण? काही नकाशा असतो का?

एकेक पेशी कुठं बसावी हे सांगणारा नकाशा असल्याचा पुरावा नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. संगणकावर ठिपके एकेक करून यादृच्छिक टाका, फक्त एकच अट घाला : आधीच्या कोणत्याही ठिपक्याच्या ठरावीक अंतराच्या आत पडला तर तो रद्द. एवढ्या एका अटीनं बनलेली मांडणी अनेक पेशीप्रकारांच्या खऱ्या मांडणीशी सांख्यिकी कसोटीत जुळते. गाल्ली-रेस्टा आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे ॲमाक्राइन पेशींबाबत दाखवलं. मात्र हा नियम वर्णन आहे, यंत्रणा नव्हे. 'किमान अंतराच्या नियमानं मोझेक (म्हणजे एका प्रकारच्या पेशींची अंतर राखलेली मांडणी) बनतं' असं वाक्य लेखांमध्ये सर्रास दिसतं; त्यातून पेशी काय करते याबद्दल काहीच कळत नाही. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि कोणत्या प्रकारात कोणतीचा वाटा किती हे वेगवेगळं असतं.

पहिली, बाजूला सरकणं. याचा पुरावा पाहण्यासारखा आहे. उंदराच्या मादीत दोनपैकी एका एक्स गुणसूत्रावर खुणेचं जनुक ठेवलं. मादीच्या प्रत्येक पेशीत एक एक्स गुणसूत्र लवकरच बंद पडतं, कोणतं ते यादृच्छिक, आणि पुढच्या वंशात तेच बंद राहतं. त्यामुळे अशा मादीच्या दृष्टिपटलाला रंग दिला की निळे आणि बिनरंगी उभे पट्टे दिसतात. एकेक पट्टा म्हणजे एकाच रंगाच्या पूर्वजांचा वंश. निळ्या पट्ट्यातल्या दंडपेशी, बायपोलर आणि म्यूलर पेशी निळ्याच पट्ट्यात राहतात. पण शंकुपेशी, हॉरिझॉन्टल, ॲमाक्राइन आणि गँग्लिऑन पेशी यांच्यातल्या काही निळ्या पेशी शेजारच्या बिनरंगी पट्ट्यात जाऊन बसलेल्या आढळतात. रीस आणि सहकाऱ्यांच्या या कामातून दोन गोष्टी कळल्या : सरकण्याचं अंतर थोडं असतं आणि ते पेशीची ओळख ठरल्यानंतर होतं. सरकणारे प्रकार तेच, ज्यांच्यात अंतर राखण्याची सवय दिसते. जन्मल्या जागीच नियमित मांडणी असती तर सरकायची गरज नव्हती.

दुसरी, मृत्यू. दृष्टिपटलात गरजेपेक्षा जास्त पेशी बनतात आणि मग कमी होतात. उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गँग्लिऑन पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त मरतात. डोपामाइन वापरणाऱ्या ॲमाक्राइन पेशींचं उदाहरण बोलकं आहे. त्या अख्ख्या दृष्टिपटलात काही शेच असतात, विरळ आणि अंतर राखून. पेशीमृत्यूला लागणारं बॅक्स हे जनुक काढून टाकलं तर त्यांची संख्या कैकपट होते आणि अंतराची शिस्त मोडते. शेजारीशेजारी चिकटलेल्या पेशी दिसू लागतात. म्हणजे या प्रकारात खूप जवळ आलेल्यांतली एक जाणं, हा मांडणीचाच भाग आहे. हॉरिझॉन्टल पेशींच्या बाबतीत मात्र मृत्यूवर सगळा भार टाकता येत नाही.

तिसरी, सजातीय पेशींचं एकमेकींना दूर ठेवणं. हॉरिझॉन्टल पेशी यात सर्वांत चांगल्या अभ्यासल्या गेल्या आहेत. गर्भात जन्मल्यावर त्या आधी आतल्या बाजूला खोल जातात, मग परत बाहेरच्या बाजूला येतात. हा परतीचा प्रवास एलआयएम-१ या जनुकावर अवलंबून असतो; ते काढलं तर त्या ॲमाक्राइन पेशींच्या थरातच अडकून राहतात. आपल्या थरात पोचल्यावर, उंदराच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, त्या उभ्या तात्पुरत्या फांद्या काढतात. प्रत्येकीच्या फांद्या आपापला खांबासारखा भाग व्यापतात आणि शेजारणीच्या फांदीला भिडल्या की माघार घेतात. २००९ साली जिवंत ऊतीत लेझरनं एक पेशी नष्ट करून पाहिली, तर शेजारणींच्या फांद्या काही तासांत त्या मोकळ्या जागेकडे वळल्या. काम झालं की या फांद्या मोडून टाकल्या जातात, प्रौढ डोळ्यात त्यांचा मागमूसही नसतो. प्रौढ दृष्टिपटल कितीही बारकाईनं पाहिलं तरी मांडणी कशी झाली ते का कळत नाही, याचं हे एक कारण.

रेणूंच्या पातळीवर दोन नावं लक्षात ठेवावीत. पहिलं मेगफ-१० आणि त्याचं भावंड मेगफ-११. हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन-रेणू. २०१२ साली के, चू आणि सेन्स यांनी दाखवलं की ते काढून टाकलेल्या उंदरात स्टारबर्स्ट ॲमाक्राइन आणि हॉरिझॉन्टल पेशींची शिस्त बिघडते, पण इतर तपासलेले प्रकार जागच्या जागी राहतात. स्टारबर्स्टची शिस्त बिघडायला एकटं मेगफ-१० काढणं पुरतं. हॉरिझॉन्टल पेशींत दोन्ही काढावी लागतात तेव्हा पूर्ण परिणाम दिसतो. दुसरं नाव डीस्कॅम. हे नसलं की डोपामाइनच्या ॲमाक्राइन पेशी गठ्ठे करतात आणि त्यांच्या फांद्या दोरखंडासारख्या गुंफल्या जातात. पण डीस्कॅम ढकलतो असं नाही. त्याचं काम सजातीय पेशींतला जास्तीचा चिकटपणा घालवणं हे असावं. ढकलणं आणि न चिकटणं यांचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसू शकतो, म्हणून हा फरक करावा लागतो.

जाता जाता : एकाच पेशीच्या दोन फांद्या एकमेकींवर चढू नयेत याची व्यवस्था वेगळी आहे. स्टारबर्स्ट पेशींत ती गॅमा-प्रोटोकॅडहेरिन या गटाच्या २२ जनुकांवर चालते. ती सगळी काढली की एकाच पेशीच्या फांद्या एकमेकींत गुंततात.

प्रश्न : पेशींची संख्याच कमी-जास्त झाली तर? भोकं पडतात का?

सहसा नाही. फांद्यांचा पसारा बदलतो. उंदरांच्या दोन प्रयोगशाळीन जातींत हॉरिझॉन्टल पेशींची संख्या जवळपास दुप्पट-निम्मी आहे. जिथं पेशी कमी, तिथं प्रत्येकीचा पसारा मोठा. त्यामुळे एका जागेवर सरासरी किती पेशींच्या फांद्या पोचतात हा आकडा दोन्ही जातींत जवळजवळ सारखाच राहतो. या आकड्याला व्याप्ती-गुणांक म्हणतात : घनता गुणिले एका पेशीच्या पसाऱ्याचं क्षेत्रफळ. एकक सांभाळा. घनता चौरस मिलिमीटरमध्ये आणि पसारा चौरस मायक्रॉनमध्ये ठेवून गुणलं की दहा लाखपट चूक होते, आणि ती नेहमी होते.

हा गुणांक एकच्या आसपास असेल तर फरशांसारखी मांडणी, एकमेकींवर न चढणारी. माकड-माणसातल्या लहान मिजेट गँग्लिऑन पेशी या टोकाला आहेत. स्टारबर्स्ट पेशी दुसऱ्या टोकाला : एकाच जागेवर अनेक पेशींचे पसारे चढलेले. पसारे इतके चढलेले असूनही पेशींची शरीरं मात्र अंतर राखून असतात, म्हणून 'अंतर राखतात' आणि 'फरशा घालतात' ही दोन वाक्यं एका अर्थानं वापरू नयेत.

प्रश्न : एका प्रकारच्या पेशी दुसऱ्या प्रकाराच्या जागा पाहून बसतात का?

पेशीशरीरांच्या बाबतीत, बहुतेक जोड्यांत नाही. २००० साली रॉकहिल, ऑयलर आणि मासलँड यांनी वेगवेगळ्या प्रकारांच्या जोड्या तपासल्या. प्रकाराच्या आत शिस्त, दोन प्रकारांमध्ये काही नातं नाही, असं आढळलं. प्रत्येक प्रकार फक्त आपल्यांशीच बोलतो. पण पेशीचं शरीर कुठं आहे आणि ती कोणत्या भागाचा प्रकाश टिपते, या दोन गोष्टी तंतोतंत एक नाहीत. २०२१ साली रॅटच्या दृष्टिपटलावरच्या कामात प्रकाश वाढल्यावर आणि कमी झाल्यावर उत्तर देणाऱ्या काही गँग्लिऑन पेशींच्या ग्रहणक्षेत्रांची केंद्रं एकमेकांच्या मधल्या जागांत पडतात, म्हणजे योगायोगापेक्षा जास्त दूर राहतात, असं दिसलं. शरीरांच्या नकाशावरून हे कळलं नसतं.

प्रश्न : माणसाच्या डोळ्यातल्या लाल, हिरव्या आणि निळ्या शंकूंचीही अशीच नेटकी जाळी असते का?

सगळे शंकू एकत्र धरले तर हो, विशेषतः मध्यभागात ते दाटीनं षटकोनी बसलेले असतात. रंगानुसार वेगळे केले की चित्र बदलतं. १९९९ साली रुर्डा आणि विल्यम्स यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यात, डोळ्याच्या प्रकाशमार्गातले दोष सुधारणारं प्रकाशतंत्र वापरून, एकेका शंकूचा प्रकार ओळखला. लाल आणि हिरवे शंकू जवळपास यादृच्छिक मिसळलेले निघाले. एकाच प्रकारचे अनेक शंकू घोळक्यानं शेजारी असलेलेही दिसले. मूठभर दोन रंगांचे मणी मिसळून जाळीत भरावेत तसं. त्यांचं प्रमाणही माणसागणिक बदलतं : रंगदृष्टी सामान्य असलेल्या लोकांत लाल-हिरव्याचं प्रमाण एकास एकच्या आसपासपासून सोळास एकपर्यंत आढळलं आहे.

कारण जनुकांच्या मांडणीत आहे. लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात, आणि त्यांच्या अलीकडचा एक नियंत्रक भाग प्रत्येक शंकूत दोघांपैकी एकालाच चालू करतो. शेजारच्या शंकूनं काय निवडलं हे पाहण्याची सोय नाही. निळे शंकू वेगळे : त्यांचं जनुक सातव्या गुणसूत्रावर, संख्या एकूण शंकूंच्या पाच ते दहा टक्के. मध्यबिंदूभोवतीच्या साधारण १०० मायक्रॉन व्यासाच्या भागात ते जवळपास नसतातच.

म्हणून 'दृष्टिपटलातला प्रत्येक प्रकार नियमित असतो' हे विधान सरसकट खरं नाही. मागच्या लेखात 'साधारण' हा शब्द होता. तो अपुरा होता.

प्रश्न : बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मध्यबिंदू, म्हणजे फोव्हिया, पूर्ण तयार असतो का?

नाही, बराच अर्धवट असतो, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पेशींचं विभाजन फोव्हियाच्या जागी सगळ्यांत आधी थांबतं, गर्भाच्या चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे तिथं नवीन शंकू पुढे बनत नाहीत. पण जन्मावेळी तिथले शंकू जाड आणि बुटके असतात : नवजात बाळात जाडी साधारण ७.५ मायक्रॉन, पावणेचार वर्षांच्या मुलात सुमारे २. शंकू बारीक होतात, लांब होतात आणि मध्याकडे सरकतात. त्यांच्यावरच्या बायपोलर आणि गँग्लिऑन पेशी उलट बाहेरच्या दिशेला सरकून खळगा पडतो. जन्मावेळी दंडपेशी नसलेला भाग सुमारे १,१०० मायक्रॉनचा असतो, तो पावणेचार वर्षांत ६५० ते ७०० पर्यंत आवळतो. प्रौढात या जागी शंकूंची घनता सरासरीनं दर चौरस मिलिमीटरला दोन लाखांच्या आसपास पोचते, आणि माणसामाणसांत तिच्यात तिपटीपर्यंत फरक असतो.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांत हा खळगा पुढे उथळ राहू शकतो. मात्र त्यांच्या डोळ्यांची जी तपासणी करतात ती मुख्यतः रक्तवाहिन्यांसाठी असते. त्या पूर्ण दिवस भरेपर्यंत कडेपर्यंत पोचलेल्या नसतात. ती तपासणी ठरल्या तारखेला करून घ्यावी, पुढे ढकलू नये.

प्रश्न : प्रौढ माणसाच्या दृष्टिपटलात मेलेल्या पेशीच्या जागी नवीन येते का, किंवा शेजारची सरकते का?

नवीन येत नाही. माशांत म्यूलर पेशी पुन्हा पूर्वज बनून चेतापेशी भरून काढतात. सस्तन प्राण्यांत त्याच पेशी बहुतेक वेळा व्रणच करतात. उंदराच्या म्यूलर पेशींत एएससीएल-१ हे जनुक जबरदस्तीनं चालू केलं आणि सोबत आणखी एक औषध दिलं, तर काही पेशी बायपोलरसारख्या चेतापेशी बनतात आणि जोडण्याही करतात, असं २०१७ साली दिसलं. चेतापेशींच्या शरीरांचं सरकणं हा घडणीच्या काळातलाच प्रकार. प्रौढ वयात शेजारणीच्या फांद्या थोड्याफार वाढू शकतात, पण उंदराच्या पिल्लात जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात दिसणाऱ्या त्या तात्पुरत्या उभ्या फांद्या परत येत नाहीत. त्यामुळे उद्या नवीन पेशी बनवता आल्या तरी त्या योग्य अंतरावर बसवायच्या कशा, हा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल.